पोटावरचे मुख आणि घरचा सांभाळ : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात स्टोमाच्या गुंतागुंती

मोठ्या आतड्याचा कर्करोग, विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याला बसलेला पीळ किंवा जन्मतःच गुदद्वार नसणे अशा कारणांनी मलाचा नैसर्गिक मार्ग बंद होतो, तेव्हा शल्यचिकित्सक आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्वचेला टाक्यांनी जोडतात. या नव्या मुखाला स्टोमा म्हणतात. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे असेल तर इलिओस्टॉमी आणि मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टॉमी असे नाव मिळते. त्याला आवळून धरणारा स्नायू नसल्याने मल रोखता येत नाही आणि पोटाला चिकटणारी पिशवी सतत लावावी लागते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या सहा तालुक्यांच्या वाशीम जिल्ह्यातील रुग्णाला अशा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा अकोला किंवा नागपूर गाठावे लागते. तो काही दिवसांत घरी परततो. गुंतागुंती मात्र पुढे कित्येक महिने, काही वेळा कित्येक वर्षे उद्भवत राहतात. त्यांतील बऱ्याच टाळता येण्याजोग्या असतात, पण त्यासाठी लागणारे ज्ञान रुग्णालयातच राहून गेले तर रिसोड किंवा मानोऱ्याच्या खेड्यात साधी अडचणही संकट बनते.

टाळण्याची सुरुवात शस्त्रक्रियेपूर्वीच होते. स्टोमाची जागा पोटाच्या उभ्या स्नायूवर, वळ्या, व्रण व हाडांचे उंचवटे टाळून आणि रुग्णाला स्वतःला दिसेल अशी आखायची असते, व ती निजून, बसून आणि वाकून तपासायची असते. निंदण आणि सोयाबीनची सोंगणी उकिडवे बसून करणाऱ्यांच्या बाबतीत त्या बैठकीतली तपासणी निर्णायक ठरते, कारण उताण्या पोटावर सपाट दिसणारी जागा उकिडवे बसताच घडीत जाते. धोतराची गाठ, नऊवारीच्या निऱ्या, करदोडा किंवा बंजारा स्त्रियांच्या घागऱ्याची नाडी जिथे आवळली जाते ती जागाही वर्ज्य समजावी.

पहिल्या दिवसांत रंगावर लक्ष ठेवावे लागते. निरोगी स्टोमा लालसर, ओलसर असतो आणि त्याला स्पर्शाची वेदना नसते. तो जांभळा-काळा पडला तर रक्तपुरवठा तुटल्याची शंका धरून तातडीने शल्यचिकित्सकाकडे न्यावे लागते. पुढील सहा ते आठ आठवड्यांत सूज ओसरून स्टोमा लहान होतो, पण पिशवीच्या चिकट चकतीला, म्हणजे फ्लँजला, जुन्याच मापाचे भोक पाडले जाते, आणि उघड्या राहिलेल्या त्वचेवर मल साचून ती सोलवटते. इलिओस्टॉमीतून येणाऱ्या द्रवात पाचकरस असल्याने तिथे ही इजा अधिक तीव्र होते. म्हणूनच शल्यचिकित्सक ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये आतड्याचे टोक उलटवून तोटीसारखे पुढे काढण्याची पद्धत मांडली. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे ठेवणे, त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करणे आणि पिशवी एकतृतीयांश भरताच रिकामी करणे हे तीन नियम पाळले तर बराचसा त्रास टळतो. वैशाखाच्या घामाने चकती लवकर सुटते, त्यामुळे उन्हाळ्यात ती लवकर बदलावी लागते आणि खर्च वाढतो. स्टोमाभोवतीच्या त्वचेचे रक्षण करणारा आरंभीचा एक प्रभावी पदार्थ म्हणून अमेरिकेत शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात वापरात आणलेला कराया डिंक ज्या झाडापासून मिळतो, ते झाड विदर्भासह मध्य भारताच्या पानझडी जंगलांत वाढते.

इलिओस्टॉमीची सर्वांत घातक गुंतागुंत म्हणजे शरीर कोरडे पडणे. दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त द्रव बाहेर पडू लागला की पाण्याबरोबर मोठ्या प्रमाणात सोडियमही जाते, आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी ‘भरपूर पाणी प्या’ हा एरवी योग्य असलेला सल्ला उलटा ठरतो, कारण नुसते पाणी आतड्यात सोडियम ओढून घेते व स्राव आणखी वाढवते. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात माठातील पाणी तांब्या-तांब्याने पिणारा मजूर तहानलेलाच राहतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात रूढ झालेल्या मिश्रणात १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असतो. त्यातील सोडियम नेहमीच्या जलसंजीवनीपेक्षा अधिक असते. ते घोट घोट घेणे, साधे पाणी मोजून पिणे आणि जेवणापूर्वी लोपेरामाइडसारखे आतड्याची गती मंदावणारे औषध घेणे, असा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली केला जातो. लघवी कमी होणे, पायात गोळे येणे व चक्कर येणे या खुणा दिसताच दवाखाना गाठावा.

याउलट स्राव अचानक थांबून पोट फुगले व उलट्या झाल्या तर अडथळ्याचा संशय घ्यावा. सुरुवातीच्या आठवड्यांत तुरीच्या शेंगांच्या घुगऱ्या, मक्याचे दाणे, ओले खोबरे आणि संत्र्याच्या फोडींवरची साल टाळणे त्यासाठीच इष्ट असते. महिन्यांनंतर स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो किंवा आतडे बाहेर घसरू शकते. धान्याची पोती उचलणे टाळणे व पोटाला आधारपट्टा बांधणे हे प्राथमिक उपाय होत. बाहेर आलेले आतडे काळवंडले किंवा आत जाईनासे झाले तर शस्त्रक्रियेला विलंब परवडत नाही.

हे सारे शिकवणारी व्यक्ती म्हणजे स्टोमा परिचारिका. क्लीव्हलँड येथे टर्नबुल यांनी १९५८ मध्ये स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या नॉर्मा गिल यांना या कामासाठी घेतले, तेव्हापासून ही स्वतंत्र शाखा घडत गेली. भारतात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय असे प्रशिक्षण देते. वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे. तेथे प्रशिक्षित परिचारिकेचा आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण विभाग चालला, परतणाऱ्या रुग्णांची नोंद राहिली आणि गावातील आशा कार्यकर्तीला काळा स्टोमा, घटलेली लघवी व फुगलेले पोट या तीन धोक्याच्या खुणा माहीत झाल्या, तर या व्यवस्थेला नव्या इमारतीची किंवा महागड्या यंत्राची गरज लागणार नाही. शस्त्रक्रिया जीव वाचवते, पण वाचलेल्या माणसाला पुन्हा शेतात, बाजारात आणि पंगतीत निर्धास्तपणे बसता येणे हे या शिकवणीवर अवलंबून असते.