म्हणे, ‘दुखल्याशिवाय गुण येत नाही’!

सोयाबीनची सोंगणी आटोपून कपाशीची वेचणी लागली की बुलढाणा जिल्ह्यात कंबर धरून चालणारी माणसं जागोजागी दिसू लागतात. आधी फवारणीला सोळा-सोळा लिटरचा पंप पाठीवर वागवायचा, मग वेचणीला दिवस दिवस वाकून राहायचं; कंबर बोलणारच. मग कोणी तरी सुचवतं, ‘मालीश करून घे.’ या सल्ल्याला हमखास एक पुरवणी जोडलेली असते: ‘चांगला रगडणारा पाहा. ओरडायला लावत नसेल तर पैसे वाया.’ हेच मत खामगाव-मलकापुरात ऐकू येतं आणि पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित स्पामध्येही. पहिल्यांदाच मसाज थेरपिस्टकडे निघालेला माणूस ते डोक्यात घेऊन जातो, टेबलावर दात-ओठ खात पडून राहतो आणि चकार शब्द काढत नाही. सगळा घोटाळा तिथेच होतो.

पोटरीत कोणी अचानक अंगठा रोवला तर पाय आपोआप आखडतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. इजा होते आहे असं वाटलं की शरीर स्वतःचा बचाव करतं. टेबलावरही हेच होतं. दाब सोसवेल इतका आणि सावकाश असेल तर स्नायू सैल पडतो. सहन होईनासा झाला की तो कडक होतो, त्या कडकपणालाच ‘गाठ’ समजून वरचा हात आणखी जोर लावतो आणि दोघांची झटापट सुरू होते. दुसऱ्या दिवशी अंगावर उठलेले काळे-निळे डाग मग ‘काय रगडलं!’ म्हणून कौतुकाने दाखवले जातात. ते डाग म्हणजे त्वचेखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. फार जोराच्या मालिशीनंतर स्नायूंचे तंतू तुटून त्यांतली प्रथिनं रक्तात उतरल्याच्या आणि मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण आहेत. कंबरदुखी आणि मालीश या विषयावरचा कॉक्रेन संस्थेचा २०१५चा आढावा पाहा. त्यात २५ चाचण्या आणि ३,०९६ रुग्ण आहेत. मालिशीने थोड्या काळापुरता आराम पडतो, मात्र पुराव्याचा दर्जा कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष. चाचण्यांनुसार दीड ते २५ टक्के लोकांचं दुखणं वाढलं, आणि ती नोंद ‘अपाय’ या सदरात झाली आहे. आपल्याकडे ज्याला गुण म्हणतात, त्याला संशोधक दुष्परिणाम म्हणतात.

यावर ठरलेला आक्षेप असा: ‘पण रगडून घेतल्यावर मोकळं वाटतं, ते खोटं का?’ खोटं मुळीच नाही. तीव्र कळ थांबली की आधीची बारीक ठणक काही वेळ जाणवेनाशी होते. शिवाय अचानक भरलेली उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. मधल्या काळात जो रगडेल, त्याला श्रेय मिळतं. दुसरा आक्षेप तालमीतून येतो: पैलवानांना तर अंगठ्याने, कोपराने तुडवतात! तुडवतात, पण पैलवान हा रोज कसणारा, तरणाताठा, निरोगी गडी असतो. साठीच्या, मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला त्याचं माप लावायचं, याला काय म्हणावं? आणि याचा अर्थ मालीश थोतांड आहे, असाही नाही. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत माहिती, व्यायाम यांच्या जोडीला मालिशीलाही जागा आहे. जोडीला, हा शब्द महत्त्वाचा.

काही दुखणी तर रगडण्याची नसतातच. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दिल्लीतल्या २३ वर्षांच्या एका तरुणाची हकीकत एम्सच्या डॉक्टरांनी २०१७मध्ये ‘मेडिको-लीगल जर्नल’मध्ये मांडली. घोट्याला मार लागून प्लास्टर झालं होतं. ते निघाल्यावरही पाय दुखत होता, म्हणून घरात तेल लावून मालीश झाली. गुठळी सुटून फुप्फुसात गेली आणि तो दगावला. मालिशीला नाही कधी म्हणायचं, हे आपल्या परंपरेलाही ठाऊक होतं. रोज अभ्यंग, म्हणजे तेलाची मालीश, करा असं सांगणारा आयुर्वेदाचार्य वाग्भट ‘अष्टांगहृदया’त लगेच बजावतो, की कफाचा विकार किंवा अजीर्ण असलेल्याने आणि नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी) झालेल्याने तो करू नये.

म्हणून पहिल्या भेटीत सगळ्यात मोलाची असतात ती आधीची दहा मिनिटं. रक्तदाब, साखर, चालू गोळ्या, जुनी शस्त्रक्रिया, गर्भारपण, सूज, ताप, त्वचेचा आजार, दुखणं नेमकं कुठे आणि कधीपासून, हे सगळं विचारलं गेलं पाहिजे. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर ते आपणहून सांगावं. गरम पोटलीचा चटका अशा पायाला कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. पुढे वाकवून, वळवून हालचाल पाहिली जाते. मग थेरपिस्ट बाहेर थांबतो आणि आपण सोयीपुरते कपडे काढून चादर घेऊन झोपायचं. जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा राहतो. पहिल्या काही हातांतच ‘दाब कसा वाटतो?’ असा प्रश्न यायला हवा. नाही आला तर आपण बोलायचं. श्वास रोखला जातोय, मुठी आवळल्या जातायत, म्हणजे दाब जास्त आहे. नंतर एक-दोन दिवस अंग थोडं ठणकू शकतं. त्याहून जास्त टिकलं तर ते चुकलंच.

बाकीचे गैरसमज झटपट निकालात काढू. मालिशीने लॅक्टिक ॲसिड निघून जातं? ते श्रमानंतर तासा-दीड तासात आपोआप ओसरतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या २०१०च्या प्रयोगात तर मालिशीने रक्तप्रवाहात अडथळा येऊन ते हटायला उशीरच लागला. शरीरातलं ‘विष’ बाहेर पडतं? ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. तहान लागली तर पाणी प्या, विष धुवायला नको. ‘शीर चढली’? शिरा एकमेकींवर चढत नाहीत, तो बहुधा स्नायूचा गोळा असतो. एका बैठकीत जुनं दुखणं जातं? जात नाही. पूर्ण विवस्त्र व्हावंच लागतं? मुळीच नाही. मोडलेलं हाड मालिशीने बसतं? आधी एक्स-रे.

पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, पडल्यानंतर कंबर धरली असेल किंवा दुखण्यासोबत ताप आणि वजनात घट असेल, तर आधी डॉक्टर गाठा. बाकी वेळी खुशाल मालीश करून घ्या, फक्त ‘हळू’ म्हणायला लाजू नका. ते ऐकून दाब कमी करणारा माणूस कामाचा. ‘थोडं सोसा, मगच गुण येईल’ म्हणणाऱ्याच्या टेबलावरून सरळ उठून यावं.