एका शाळेची वहिवाट

क्रॉफर्ड मार्केटकडून लोकमान्य टिळक मार्गाने धोबीतलावाकडे निघालेल्या माणसाला, गोकुळदास तेजपाल रुग्णालय, इराण्यांची जुनी उपाहारगृहे आणि मेट्रो चित्रपटगृह यांच्या सान्निध्यात, सेंट झेवियर्स हायस्कूल ही मूळची मुलांची शाळा लागते. १८६९ साली जेझुइट धर्मगुरूंनी स्थापन केलेली ही शाळा मुंबईकरांच्या इतक्या पिढ्यांच्या परिचयाची आहे, की तिच्याविषयी सांगण्याजोगे काही राहून गेले असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सुनील गावसकर येथले विद्यार्थी, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. आणि अशा शाळांतून दिसणारी वर्गावर्गांतील चुरस, पाहुण्यांसमोर थाटाने होणारा बक्षीससमारंभ, नाटके, ठरल्या दिवशी होणारी उजळणी, या सर्व चाली साहेबाने आपल्या देशातल्या पब्लिक स्कूलांतून आणल्या, अशीही सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळ दिवस ती माझीही होती. परंतु ही शाळा ज्या संघाने काढली त्याची नियमावली पाहू गेल्यावर ध्यानात आले, की यांपैकी कित्येक चाली १५९९ साली, म्हणजे इंग्लंडच्या राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद देण्याच्याही अगोदर, रोममध्ये लॅटिन भाषेत लिहून ठेवलेल्या आहेत.

येशूसंघाचा, म्हणजेच जेझुइटांच्या या संघाचा, संस्थापक इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील बास्क मुलखातल्या एका सरदारघराण्यातला पुरुष. १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्याच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांत संतचरित्रे वाचता वाचता त्याच्या आयुष्याने वेगळी दिशा घेतली. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी त्याच्या संघाला मान्यता दिली तेव्हा शाळा चालविणे हे काही या संघाचे उद्दिष्ट नव्हते. ज्या मुलखात पाठवतील तिथे जावे, उपदेश करावा, आजाऱ्यांची सेवा करावी, असा फिरस्त्यांचा तो संघ होता. पण सिसिली बेटावरील मेस्सिना शहराच्या नागरिकांनी आपल्या मुलांसाठी शिक्षक मागितले, १५४८ साली तिथे विद्यालय उघडले, आणि त्यानंतर ठिकठिकाणांहून अशा मागण्यांचा ओघ सुरू झाला. शतक सरताना संघाची विद्यालये दोनशेच्या वर गेली होती. एवढ्या दूरदूर पसरलेल्या शाळांना एक शिस्त हवी, म्हणून आधी १५८६ साली आणि मग १५९१ साली नियमांचे मसुदे तयार झाले, ते शाळाशाळांकडे अभिप्रायासाठी पाठविण्यात आले, आणि शिक्षकांचे अनुभव जमेस धरून संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांनी १५९९ साली ‘रात्सिओ स्तुदिओरुम’, म्हणजे अध्ययनाची पद्धती, हा ग्रंथ जारी केला.

या ग्रंथात शिक्षणाविषयीचे तत्त्वज्ञान जवळजवळ नाहीच. कोणी, केव्हा, काय करावे, एवढेच त्यात सांगितलेले आहे, आणि माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्यही हेच असावे. मुलांनी पाठ केलेले म्हणून घ्यायला मुलांतूनच नेमलेले ‘देकुरिओ’, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दांत सांगायचे तर वर्गातले जमादार. शनिवारी आठवड्याच्या अभ्यासाची उजळणी. आठवड्यात एक सुटी किंवा अर्धी सुटी, कारण थकलेल्या मुलाला शिकवून उपयोग नाही. वर्षाअखेर गद्य आणि पद्य रचनेची बक्षिसे, आणि ती शक्य तितक्या थाटाने, जमलेल्या मंडळींसमोर नाव पुकारून द्यायची. प्रत्येक मुलाला एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे. एक उत्तर देताना चुकला की दुसऱ्याने ती चूक दाखवावी. पुष्कळ ठिकाणी सबंध वर्गाचेच दोन तट पाडीत आणि त्यांना रोम व कार्थेज अशी नावे देत. नाटकांना मुभा होती, पण ती लॅटिनमध्ये असावीत आणि त्यांचा विषय सात्त्विक असावा, अशी अट होती. मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो शिक्षेचा नियम: जेझुइट शिक्षकाने स्वतः मुलावर हात उगारू नये, छडी देण्याचा प्रसंग आलाच तर त्यासाठी संघाबाहेरचा एक माणूस नेमलेला असावा. आजच्या वाचकाला हे पुरेसे वाटणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु शिकवणारा हात आणि मारणारा हात एक असू नये, एवढे सोळाव्या शतकात कोणाला तरी सुचले, आणि तेही छडी हीच विद्येची गुरुकिल्ली मानली जाण्याच्या काळात, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

ज्यांच्या नावाने धोबीतलावची शाळा ओळखली जाते ते फ्रान्सिस झेवियर हे इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. ते १५४२ साली गोव्यात उतरले. तिथले सेंट पॉल कॉलेज लवकरच संघाच्या हाती आले, आणि १५५६ साली हिंदुस्थानातला पहिला छापखाना त्याच कॉलेजात सुरू झाला. मराठी वाचकाला अधिक जवळचे नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, तिथल्या साष्टीच्या गावागावांतून चाळीस वर्षे राहिला, आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ मराठीत, रोमन लिपीत, छापून निघाले. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या विद्यालयाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. वांद्र्यालाही त्यांची वस्ती होती. पुढे १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, १७५९ साली खुद्द पोर्तुगालनेच आपल्या अमलातील सर्व प्रदेशांतून या संघाला हद्दपार केले, आणि १७७३ साली पोपच्या हुकुमाने संघच विसर्जित झाला. देकार्त आणि व्होल्तेर यांच्यासारखे विद्यार्थी ज्यांच्या शाळांतून शिकून गेले, त्या संघाची शेकडो विद्यालये अशी एका फर्मानासरशी बंद पडली किंवा इतरांच्या हाती गेली. १८१४ साली संघाचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा जुन्या शिक्षकांपैकी फार थोडे उरले होते. नियमावली मात्र उरली होती.

मुंबईत त्यांचे पुनरागमन झाले ते १८५० नंतरच्या दशकात, आणि तेही बिकट परिस्थितीत. शहरातले कॅथलिक तेव्हा दोन अधिकारक्षेत्रांत विभागलेले होते: काही चर्चे पोर्तुगालच्या राजाच्या धार्मिक हक्काखाली, म्हणजे पाद्रोआदोखाली, तर काही थेट रोमच्या प्रोपागांडा मंडळाखाली, आणि या दोन सत्तांतला तंटा तेथील समाजाला दीर्घकाळ छळत राहिला होता. त्यातच १८५४ साली वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला, खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली, आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिक्युलेशन हा नोकरीचा परवाना ठरू लागला. स्वतःची उच्च शाळा नसलेला समाज मागे पडणार, हे उघड होते. मुंबईची धर्मसेवा जर्मन जेझुइटांकडे सोपविण्यात आली होती; त्यांनी वांद्र्याला सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ साली, माझगावला सेंट मेरीज १८६४ साली, पुण्याला सेंट व्हिन्सेंट्स १८६७ साली, आणि धोबीतलावाला सेंट झेवियर्स १८६९ साली काढली. शाळेबरोबरच तेथे कॉलेजचीही पायाभरणी झाली. पुढे ते कॉलेज जवळच स्वतंत्र गॉथिक वास्तूत गेले. मुलींच्या शिक्षणाचे काम जोगिणींच्या संघांनी अंगावर घेतले होते आणि येशूसंघाला स्त्रियांची शाखा नाही, म्हणून या सर्व शाळा मुलांच्या झाल्या; त्यामागे याहून गूढ कारण शोधण्याची गरज नाही.

जर्मन फादर एवढ्या संख्येने इकडे उपलब्ध व्हायला आणखी एक कारण घडले. १८७२ साली बिस्मार्कच्या राजवटीने कायदा करून जेझुइटांना जर्मनीतून घालवून दिले. ज्यांना मायदेशी शिकवण्याची बंदी झाली, त्यांनी गिरगाव, माझगाव आणि फोर्टच्या मुलांना शिकवावे, हा योग इतिहासाने जुळवून आणला. हे शिक्षक इंग्रज नव्हते, इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती, आणि राज्यकर्त्यांशी त्यांचा धर्मपंथही जुळत नव्हता. तरीही ते शिकवत होते इंग्रजीतूनच. त्यांच्या वर्गांत कॅथलिकांच्या शेजारी पारशी, हिंदू आणि मुसलमान मुले बसत. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना त्याच वेळात नीतिशास्त्र, म्हणजे ज्याला सर्व मिशनशाळांची मुले ‘मॉरल सायन्स’ म्हणतात तो विषय, ही व्यवस्था अशा मिश्र वर्गांतूनच रूढ झाली.

इथे माझ्या मनातली एक सल सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या संघाच्या फादर स्टीफन्सने मराठीची थोरवी ओव्यांतून गायिली, त्याच संघाने अडीचशे वर्षांनंतर मुंबईत काढलेली शाळा इंग्रजीची झाली. वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक कॅथलिक समाजाची घरातली बोली मराठीचीच. धोबीतलावाच्या गल्ल्यांतून गावोगावच्या ‘कुडां’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे गोव्याचे खलाशी, आचारी आणि वाजंत्री कोकणी बोलणारे. त्यांची मुले शाळेच्या दाराशी आली ती इंग्रजीसाठी, आणि इंग्रजीवाचून कारकुनी, रेल्वे, टपाल, जकात यांपैकी कोणतेच खाते त्यांना दार उघडणार नव्हते. ही निकड खरी होती, आणि तिच्याबद्दल त्या आईबापांना किंवा त्या फादरांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण एका पिढीने पोटासाठी स्वीकारलेली भाषा पुढच्या पिढीच्या प्रार्थनेची, पत्रांची आणि भांडणांचीही भाषा झाली, आणि मराठीत प्रार्थना करणारी कुटुंबे मुंबईत विरळ होत गेली. वसईच्या कॅथलिकांनी आपली मराठी राखली, तिच्यात लेखन केले, हे पाहिले म्हणजे काय गमावले याची जाणीव अधिकच तीव्र होते.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि मुंबईच्या जर्मन फादरांवर परक्यांचा, शत्रूचा शिक्का बसला. चाळीस-पन्नास वर्षे ज्यांनी या शहराची मुले शिकवली त्या संघाच्या माणसांना नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि पुढे बहुतेकांची रवानगी मायदेशी झाली. उरलेल्या थोड्यांवर शाळा-कॉलेजांचा सारा भार पडला. इंग्लंडहून आलेल्या फादर अल्बन गुडियर यांच्यासारख्यांनी तो वाहिला, आणि हे गुडियर १९१९ साली मुंबईचे आर्चबिशप झाले. त्यानंतर स्पेनमधून जेझुइट येऊ लागले. १९२२ साली आलेले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय इतिहासाच्या संशोधनाला वाहून घेतलेले फादर हेन्री हेरास हे त्यांतलेच. जर्मन, इंग्रज, स्पॅनिश आणि पुढे हिंदी अशी शिक्षकांची राष्ट्रीयत्वे पालटत गेली, तरी शाळांचा दिनक्रम विस्कटला नाही, कारण कोणत्या देशाचा फादर वर्गावर उभा राहिला तरी तो त्याच जुन्या पद्धतीत घडलेला होता.

जुन्या नियमावलीतले प्रतिस्पर्धी आणि तट मुंबईत आल्यावर मैदानात उतरले. शाळेपासून हाकेच्या अंतरावर आझाद मैदान आणि क्रॉस मैदान, आणि मुंबईच्या शाळाशाळांत हॅरिस शील्डची चुरस. अशा ठिकाणी लॅटिन पद्यरचनेची जागा क्रिकेटने घेतली असल्यास नवल नाही. १९६६ साली देशातला सर्वोत्कृष्ट शालेय क्रिकेटपटू म्हणून सुनील गावसकर यांची निवड झाली, आणि पाचच वर्षांनी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. चेंडू नीट पाहावा, घाई करू नये, आपली विकेट सहजासहजी देऊ नये, हा त्यांच्या फलंदाजीचा धर्म. आठवड्याची उजळणी करून घेणाऱ्या त्या जुन्या शिक्षकांना तो निश्चित आवडला असता.

चुरशीवर उभारलेल्या या शिक्षणाला प्रश्न विचारला तोही संघाच्याच प्रमुखाने. १९७३ साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जेझुइट शाळांच्या युरोपातील माजी विद्यार्थ्यांसमोर फादर पेद्रो अरुपे यांनी सांगितले, की आम्ही तुम्हाला न्यायासाठी झटायला शिकवले का, असे विचाराल तर प्रामाणिक उत्तर नाही असेच द्यावे लागेल. यापुढे आमच्या शाळांनी इतरांसाठी जगणारी माणसे घडवली पाहिजेत. समोर बसलेल्या मंडळींत सुस्थितीतले पुष्कळ होते, आणि काहींना हे बोलणे झोंबले. स्वतःच्या संस्थेबद्दल इतके उघड बोलण्यासाठी लागणारे धैर्य मी फार थोड्या संस्थाचालकांत पाहिले आहे. अरुपे यांचे ते शब्द पुढे देशोदेशींच्या जेझुइट शाळांनी बोधवाक्यासारखे स्वीकारले.

या शाळांतली एक अगदी लहानशी प्रथा मला सर्वांत जिवाभावाची वाटते. निबंधाच्या किंवा उत्तराच्या कागदावर सर्वांत वर मुलाने ए. एम. डी. जी. ही चार अक्षरे लिहायची, म्हणजे ‘ईश्वराच्या अधिक गौरवासाठी’ या लॅटिन वचनाची आद्याक्षरे, आणि लेखन संपले की तळाशी एल. डी. एस., ‘ईश्वराची सदैव स्तुती’. आमच्या जुन्या माणसांनी वहीच्या पहिल्या पानावर, दुकानाच्या रोजकीर्दीवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर श्रीकार घालावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे शेवटालाही पुन्हा नाव घ्यायचे, आणि मगच कागद गुरुजींच्या हाती द्यायचा.