पावसाळ्यात कपाटाचे दार का अडते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरातील जुन्या सागवानी कपाटाला घरीच नवे पॉलिश करावे, असे मी ठरवले. सवड मिळाली ती ऑगस्टमध्ये. फळ्या जोडून केलेली त्याची दोन अखंड दारे त्या दिवसांत इतकी अडत, की ती ओढताच आतली भांडी खणखणत. पॉलिश करण्यापूर्वी मी दारांच्या कडांवर चांगला रंधा मारला. दारे अलगद उघडू-मिटू लागली. फेब्रुवारी आला आणि दोन दारांच्या मध्ये चांगली रुंद फट पडली. झुरळांना दरवाजाच मिळाला! शेजारी काम करणाऱ्या सुतारकाकांना दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात रंधा मारलात, आता उन्हाळा भोगा."

त्यांच्या या वाक्यात बरेच विज्ञान दडलेले आहे. ते समजून घेऊ.

लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या असंख्य बारीक, लांबट नळ्यांची जुडी. या नळ्या म्हणजे झाडाच्या मृत पेशी. झाड तोडले जाते तेव्हा पाणी दोन ठिकाणी असते: नळ्यांच्या पोकळीत आणि त्यांच्या भिंतींत. लाकूड वाळू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. यामुळे वजन घटते, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरते, तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. त्यानंतर भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसायला लागते.

असे का होते? पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजच्या लांब रेणूसाखळ्यांची बनलेली असते. या साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना ओढून धरतात. पाणी साखळ्यांच्या जुड्यांमध्ये शिरले की त्या एकमेकींपासून दूर सरतात. पाणी गेले की जवळ येतात. या जुड्या बहुतांशी खोडाच्या उंचीच्या दिशेने असतात. त्यामुळे लाकूड फुगते ते आडवे. लांबीत पडणारा फरक जवळजवळ नगण्य असतो.

आडव्या दिशाही दोन आहेत. ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या कडेने साधारण ५ टक्के आकसते, तर खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मेच. म्हणून तर फळ्या वाळताना वाकतात.

आता माझ्या दाराचा हिशोब करू. वाळवलेले लाकूडही हवेशी पाण्याची देवघेव करतच राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्के राहिली, तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहते; ती ८० टक्क्यांच्या आसपास गेली, तर १५ टक्के किंवा थोडे अधिक. फरक ६ टक्क्यांचा. पाणी ३० टक्के बदलले की रुंदी ५ टक्के बदलते. म्हणजे ६ टक्क्यांनी ती १ टक्का बदलेल. दार ४५ सेंटिमीटर रुंद असेल, तर साडेचार मिलिमीटर! दोन दारे मिळून नऊ. त्यात मी रंध्याने काढलेले लाकूड वेगळेच.

पॉलिशने हे थांबत नाही का? नाही. लाखेचे पॉलिश असो वा व्हार्निश, ते बाष्पाची ये-जा मंद करते, पूर्ण बंद करत नाही. चार दिवसांची झड सोसता येते, चार महिन्यांचा पावसाळा नाही. मी आणखी एक चूक केली होती. 'आत कोण पाहणार' म्हणून पॉलिश फक्त बाहेरून केले. आतली बाजू बाष्प लवकर घेते आणि लवकर सोडते. एक बाजू फुगलेली आणि दुसरी नाही, म्हणून दार बाकदार होते. पॉलिश दोन्ही बाजूंना आणि कडांनाही सारखेच हवे.

सुतारांनी या अडचणीवर फार पूर्वीच उपाय शोधला आहे. दाराची चौकट अरुंद पट्ट्यांची करायची. पट्टीची रुंदीच कमी, म्हणून फुगणेही कमी. चौकटीच्या आतल्या कडेला खोबण पाडून मधली फळी तिच्यात सैल बसवायची. फळीला चौकटीशी चिकटवायचे नाही, खिळाही मारायचा नाही. फळी खोबणीतल्या खोबणीत फुगते-आकसते आणि बाहेरचे माप फारसे बदलत नाही. नवी दारे करताना मजबुतीच्या हौसेने मी एका दाराची फळी चिकटवली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती मधोमध तडकली. तिला आकसायचे होते आणि मी तिच्या दोन्ही कडा धरून ठेवल्या होत्या.

प्लायवूडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एका थराची न फुगणारी दिशा शेजारच्या थराच्या फुगण्याला आवर घालते.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. सुताराकडून एकाच अखंड फळीचा तुकडा आणा. त्यातून १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापून घ्या: एक लाकडाच्या रेषांच्या दिशेने, दुसरी रेषांना आडवी. तिसरी पट्टी प्लायवूडची घ्या. तिन्ही चार दिवस उन्हात वाळवून लांबी मोजा आणि वजन करा. मग दोन दिवस पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. वजन तिन्हींचे वाढेल. लांबी कोणत्या पट्टीची किती वाढेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी लिहून ठेवायला सांगा.

आणि शाळेच्या कपाटाचे दार जुलैत अडू लागले, तर रंधा मागवण्यापूर्वी कॅलेंडर जरूर पाहा.