संगणकाला आज्ञा कोणी लिहावी?

संगणकाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "ते इंजिनियर लोकांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार?" दुसरा मोबाईल हातात धरून म्हणतो, "मला सगळं येतं." पहिला उगाच भितो, आणि दुसऱ्याला वाटते तितके त्याला येत नसते. पंचांग पाहता येणे निराळे आणि पंचांग मांडता येणे निराळे. या दोन पक्षांच्या मध्ये बरीच मोठी जागा मोकळी पडलेली आहे आणि ती सामान्य माणसाची आहे, असे मला सांगायचे आहे. मी स्वतः कला शाखेचा मनुष्य. गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा श्रोतेहो, हे काही इंजिनियराचे बोलणे नव्हे.

प्रथम वेबपान म्हणजे काय ते पाहू. खिळ्यांच्या छपाईच्या काळात हस्तलिखित जुळणीला जाण्याआधी त्यावर शाईने खुणा केल्या जात : हा मथळा, हे शब्द ठळक ठशात, येथे नवा परिच्छेद. वेबपान हे असेच खुणा केलेले हस्तलिखित असते. त्या खुणा वाचून पान मांडणारा माणूस नसतो, तर ब्राउझर नावाचा प्रोग्रॅम असतो, एवढाच फरक. परिच्छेद सुरू करायचा तर इंग्रजी 'पी' हे अक्षर कोनी कंसात लिहावयाचे. संपवायचा तर तेच पुन्हा, पण अक्षराच्या आधी एक तिरकी रेघ देऊन. मोठ्या मथळ्याला 'एच' हे अक्षर आणि एकचा आकडा. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. उघडलेली खूण बंद करायची, एवढी शिस्त पाळली की अर्धे काम झाले. ठळक अक्षरांची खूण बंद करायची राहिली, तर पुढचे सारे पान ठळक होऊन बसते आणि चूक कोठे झाली ते डोळ्यांना दिसते. रोजच्या कामाला अशा वीसेक खुणा पुरतात. मजकूर अर्थातच मराठीत लिहायचा.

ही पद्धत मुळात घातली ती सामान्य लेखकाला डोळ्यांपुढे ठेवूनच. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची योजना मांडली. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या शास्त्रज्ञांची टिपणे एकमेकांस सापडावीत, हा हेतू. १९९० मध्ये त्यांनी जो पहिला ब्राउझर केला त्यात पान नुसते वाचता येत नसे, तर तेथल्या तेथे लिहिता व दुरुस्तही करता येत असे. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांतून ही लिहिण्याची सोय गेली आणि वाचण्याची तेवढी राहिली. माझ्या मते ही फार मोठी हानी झाली. तिच्याविषयी बोलले मात्र फारसे जात नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र कोणतेही शुल्क न घेता जगाला खुले केले, हे त्यातल्या त्यात आपले भाग्य.

तरीही लोक लिहीत राहिले. १९९४ मध्ये अमेरिकेत जिओसिटीज नावाची एक सेवा निघाली. तेथे कोणालाही फुकट जागा मिळे आणि लाखो लोकांनी आपापली पाने थाटली. कोणी आपल्या मांजराविषयी, कोणी आवडत्या गायकाविषयी. लुकलुकणारी अक्षरे, भडक रंग, आणि पानावर 'काम चालू आहे'ची पाटी! जाणकार नाके मुरडीत. परंतु ही माणसे शिकली कशी? दुसऱ्याचे पान आवडले की ते त्याच्या मुळातल्या खुणा उघडून पाहत, उतरवून घेत आणि त्यात फेरफार करीत. गवंड्याच्या हाताखाली पोरगा शिकतो तसेच हे. आजही संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकदम दाबल्या की त्याचा मूळ मजकूर पुढे येतो. मोठ्या कंपन्यांच्या पानांत तो यंत्राने दाबून बसवलेला असल्याने काही उमगत नाही; लहान, साधे पान पाहावे. पुढे ही सेवा याहू कंपनीने विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेत ती बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून बरीच पाने वाचविली, पण पुष्कळ गेली ती गेलीच. परक्याच्या जागेत घर बांधताना आपल्या सामानाची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी हे बरे.

आता प्रोग्रॅमिंगकडे वळू. शिक्षकबंधूंना हे ऐकून नवल वाटेल, पण त्यांपैकी पुष्कळजण ते करतातच. निकालपत्रक एक्सेलमध्ये केले आणि 'गुण ३५ किंवा अधिक असतील तर उत्तीर्ण, नाही तर अनुत्तीर्ण' असे सूत्र घातले, की तो प्रोग्रॅमच झाला. 'जर-तर' हाच सगळ्या आज्ञावलीचा प्राण. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिसिकॅल्क नावाचे पहिले असे कोष्टक वैयक्तिक संगणकासाठी विकायला आणले, आणि प्रोग्रॅमर न म्हणवणारी असंख्य माणसे त्या दिवसापासून प्रोग्रॅम लिहू लागली.

मात्र येथे जपून पाऊल टाकावे लागते. सूत्रात '३५ किंवा अधिक' ऐवजी '३५ पेक्षा अधिक' लिहिले गेले, तर बरोबर ३५ गुण मिळवलेला मुलगा नापास होतो. एका चिन्हाचा फरक, पण त्या मुलाला विचारा! दुसरी गंमत याहून वाईट. गैरहजर मुलीच्या गुणांच्या चौकटीत आपण 'गैरहजर' असा शब्द लिहितो. एक्सेलच्या हिशेबी कोणताही शब्द कोणत्याही संख्येहून मोठा! म्हणजे परीक्षेला न आलेली मुलगी उत्तीर्ण. तीच चौकट रिकामी ठेवली तर तेथे शून्य धरले जाते आणि ती नापास होते. यंत्राला यात काही वावगे वाटत नाही. आपण सांगितले तेच ते करते. म्हणून सूत्र घातल्यावर ३४, ३५, ३६, रिकामी चौकट आणि 'गैरहजर', अशा पाच ओळी मुद्दाम घालून पाहाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे, आणि खरे सांगायचे तर कसलेला प्रोग्रॅमरही याहून निराळे काही करीत नाही.

रेडिओच्या श्रोत्यांना सांगण्यासारखी एक हकीकत यात आहे. १९८० च्या सुमारास हॉलंडच्या रेडिओवर 'हॉबीस्कूप' नावाच्या कार्यक्रमातून संगणकाचे प्रोग्रॅम चक्क आवाजाच्या रूपाने प्रक्षेपित होत. कानाला नुसती किरकिर. श्रोते ती कॅसेटवर उतरवून घेत आणि कॅसेट घरच्या संगणकाला जोडीत. पण प्रत्येक कंपनीच्या संगणकाची बोली वेगळी. तेव्हा बेसिकोड नावाची एक सामाईक बोली त्यांनी ठरवली. तिचा पाया बेसिक ही भाषा, जी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्त्झ या प्राध्यापकांनी मुख्यतः विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी रचली होती.

आपल्याकडची अडचण बोलीची नव्हे, अक्षरांची होती. पूर्वी मराठीच्या प्रत्येक टंकाची अक्षरयोजना निराळी, त्यामुळे एका संगणकावर टाइप केलेले दुसऱ्यावर उघडले की भलतीच चिन्हे दिसत. युनिकोडमुळे ते दुखणे पुष्कळ हटले. मराठी पानाच्या आरंभी यूटीएफ-८ ही खूण मात्र अवश्य घालावी; ती राहिली तर मराठीचा पुन्हा काला होण्याची भीती असते.

कोणी म्हणेल, २०२२ पासून चॅटजीपीटीसारखी यंत्रे आली, आता मराठीत सांगितले की ते पान लिहून देते. मग हा खटाटोप कशाला? अहो, लिहून देते हे खरे. पण त्याने '३५ पेक्षा अधिक' लिहिले की '३५ किंवा अधिक', हे पाहणार कोण? अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घेतला तरी सही करण्यापूर्वी तो वाचता आला पाहिजे. मी माझ्या विद्यार्थ्यांना यंत्राकडून लिहवून घेऊ देतो. मात्र प्रत्येक ओळ काय करते ते तोंडी विचारतो. तेथे खरी कसोटी लागते.

आरंभाला इंटरनेटसुद्धा लागत नाही, बरं का. शाळेतल्या जुन्या संगणकावर नोटपॅड उघडावे, खुणांसह चार ओळी लिहाव्यात, फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करून नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल ही चार इंग्रजी अक्षरे घालावीत आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारावी. पान उघडते. विषय दूरचा नको. गावच्या एस.टी.चे वेळापत्रक घ्या : गाडी कोठे जाणार, किती वाजता, आठवड्याच्या बाजारी जादा फेरी आहे की नाही. सातवी-आठवीच्या मुलांना दोन तासिकांत हे साधते. पुढे एखाद्या गाडीची वेळ बदलली की मुलांनाच सांगावे, फाईल उघडा आणि तेवढा आकडा बदला.