कालचे खेळाडू, आजचे खेळाडू

पारावर बसलेल्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो. म्हातारे म्हणतात, “आमच्या वेळचे पैलवान आता कुठं राहिले?” तरुण म्हणतात, “तुमच्या वेळी समोर उभं राहायला होतं तरी कोण?” अमेरिकेत हाच वाद व्यावसायिक बास्केटबॉल आणि फुटबॉल या खेळांवरून चालतो. तिथे तर प्रत्येक सामन्याचे आकडे नोंदवून ठेवलेले आहेत. तरीही वाद मिटत नाही. असे का व्हावे?

प्रथम बास्केटबॉल घेऊ. विल्ट चेंबरलेन या धिप्पाड खेळाडूने २ मार्च १९६२ रोजी एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण पडली. पुढच्या पिढीचा मायकेल जॉर्डन. त्याची सर्वांत मोठी सरासरी १९८६-८७ मधली, ३७.१ गुण. म्हणजे चेंबरलेन १३ गुणांनी सरस, असे आपण चटकन म्हणू.

पण जरा थांबा. चेंबरलेनच्या त्या हंगामात खेळ फार वेगाने चाले. एकेक संघ सामन्यामागे सुमारे ११९ गुण करी. जॉर्डनच्या हंगामात हाच आकडा सुमारे ११० होता. पाऊस जास्त झाला त्या वर्षीचे पीक आणि कमी झाला त्या वर्षीचे पीक एकाच मापाने कसे मोजायचे? जॉर्डनचे गुण त्या जुन्या वेगाच्या प्रमाणात वाढवले, तर ते सुमारे ४० होतात. फरक १३ वरून १० वर आला. शिवाय सामना ४८ मिनिटांचा असताना चेंबरलेन सरासरी ४८.५ मिनिटे मैदानात होता. वरचा अर्धा मिनिट जादा वेळेच्या सामन्यांचा. तो जवळजवळ बाहेर बसलाच नाही. आता हे त्याचे भाग्य म्हणायचे की त्याचा दम? दोन्ही म्हणता येईल. तेव्हा हिशोब केल्याने चेंबरलेन लहान होत नाही. त्याचे मोठेपण नेमके कशात होते, एवढेच कळते.

नियमही बदलतात. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत या संघटनेत १९७९-८० पासून आली. त्याआधी कितीही लांबून टाका, गुण दोनच. तसेच, प्रतिपक्षाचा चेंडू हवेतच अडवण्याची अधिकृत मोजणी १९७३-७४ पासून सुरू झाली. बिल रसेल १९६९ साली निवृत्त झाला. अडवण्यात त्याचा हातखंडा, १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवणाऱ्या संघाचा तो कणा. पण त्या रकान्यात त्याच्या नावापुढे काहीच नाही! नोंद नाही म्हणजे पराक्रम नाही, असे समजू नये.

आता फुटबॉल. अमेरिकेतला हा खेळ आपल्या शाळेच्या मैदानावरचा नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात धरून पळायचे आणि किती यार्ड पुढे गेले ते मोजायचे. १९७३ साली ओ. जे. सिम्पसनने एका हंगामात २,००३ यार्ड मजल मारली. १९८४ साली एरिक डिकरसनने २,१०५ यार्ड करून तो विक्रम मोडला. परंतु सिम्पसनला सामने मिळाले १४ आणि डिकरसनला १६. सामन्यामागे सिम्पसनचे १४३ यार्ड, डिकरसनचे १३२. विक्रम एकाचा, सरासरी दुसऱ्याची! २०२१ पासून तर हंगाम १७ सामन्यांचा झाला आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. ती सर्वांत गंभीर आहे. १९३४ ते १९४५ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. व्यावसायिक बास्केटबॉलच्या मुख्य संघटनेचे दार त्यांना १९५० साली उघडले. त्याआधीचे विक्रमवीर मेहनती होते, यात शंका नाही; पण ज्यांना मैदानात पाऊलच टाकू दिले नाही, त्यांच्याशी त्यांची गाठ पडली नाही. ‘पहिला’ म्हणताना ‘कितीजणांत पहिला’ हेही विचारले पाहिजे.

तेव्हा तुलना करूच नये काय? जरूर करावी, पण बेताने. खेळाडूला आधी त्याच्याच काळातल्या सोबत्यांशी ताडून पाहावे. तो त्यांच्या किती पुढे होता ते पाहावे. मग नियम, सामने आणि संधी यांचा हिशोब मांडावा. एवढे करूनही ‘सर्वश्रेष्ठ कोण’ याचे एकच उत्तर निघेल असे नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी एवढे जरूर करावे: शाळेच्या धावण्याच्या शर्यतीची वेळ वहीत लिहिताना मैदान ओले की कोरडे, मुलगा अनवाणी होता की बूट घालून, आणि शर्यतीत कितीजण होते, हेही शेजारी लिहावे. आणि त्या दिवशी कोणाला शर्यतीत उतरताच आले नाही, याचीही एक ओळ असू द्यावी. वीस वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला न्याय करणे सोपे जाईल.