तान्हुल्याच्या पोटातील बिऱ्हाडकरू

गेल्या उन्हाळ्यात ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगा झाला आणि त्याच दिवशी घरात वाद पेटला. आत्याचे म्हणणे असे की, पहिला पिवळा चीक पिळून टाकावा, तो बाळाला पचत नाही. तोवर त्याला मधाचे बोट चाटवावे. गंमत म्हणजे शेजारची गाय व्याली की खरवसासाठी पहिले पातेले हीच आत्या पाठवते! मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी, माझे कोण ऐकणार? पण कुतूहल जागे झाले आणि वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागलो.

जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. वास्तविक जन्माच्या वेळी आईच्या शरीरातून आणि त्यानंतर तिच्या त्वचेवरून व दुधातून असंख्य जंतू बाळाच्या आतड्यात बिऱ्हाड थाटतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील हेन्री तिसिए यांना १८९९ च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात एक फाटे फुटलेला जंतू विपुल आढळला. त्याच्या कुळाला आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात.

हा जंतू जगतो कशावर? याचे उत्तर वाचून मी थक्क झालो. आईच्या दुधातील घन पदार्थांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल काही गुंतागुंतीच्या शर्करा असतात. त्या पचवणारे पाचकरस बाळाजवळ नाहीतच! त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथे हे बिऱ्हाडकरू त्यांवर ताव मारतात. म्हणजे आई एकाच घोटात दोघांना जेवू घालते. बिऱ्हाडकरू भाडेही चोख देतात. ते आम्ले तयार करतात आणि त्यामुळे पुष्कळशा उपद्रवी जंतूंना तेथे थारा मिळत नाही.

याहून मोठे काम शिकवणीचे. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो. कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, हे त्यांना या जंतूंच्या सहवासात उमगते. प्रयोगशाळेत संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातील संरक्षक गाठी खुरटलेल्या राहतात. त्यांतील काही दोष असे की, पिलांना लहानपणीच जंतू मिळाले तर ते टळतात, मोठेपणी मिळून उपयोग होत नाही. शिकवणीलाही वय असते.

आपल्या देशातले उदाहरण ओडिशाचे. तेथील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काही बालकांना सात दिवस एक उपकारक जंतू व त्याचे खाद्य असलेली शर्करा दिली. इतरांना त्याच रूपाचे, पण जंतू नसलेले चूर्ण. रक्तात जंतुदोष होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण इतरांत शेकडा ९ होते, ते या बालकांत ५.४ वर आले. अर्थात ही बालके पुऱ्या दिवसांची वा जवळजवळ तशी आणि चांगल्या वजनाची होती. दुकानातून पुडी आणून कोणत्याही बाळाला चाटवावी, असा याचा अर्थ नव्हे.

आता आत्याचा मध. मधात कधीकधी एका विषारी जंतूची बीजे असतात. मोठ्यांच्या आतड्यात वस्ती दाट, त्यामुळे ती रुजत नाहीत. तान्ह्याचे घर अजून रिकामे; तेथे ती रुजून जिवावर बेतू शकते. म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये. आणि जो चीक टाकायचा, तो तर संरक्षक प्रतिपिंडांनी भरलेला असतो.

आत्याला हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आमच्या पोरीने रात्र रात्र जागून जंतूंना दूध पाजायचे?"

"थोडेसे त्यांनाही," मी म्हणालो.

ती बराच वेळ पुटपुटत होती. मधाची बाटली मात्र तिने फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिली.