ट्रेलर वळताना कोपरा मोकळा ठेवा

शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. त्याआधी सिद्धिविनायकापाशी मेट्रो ३ चं काम कितीतरी वर्षं चाललं. अशा कामांचा अवजड माल ट्रेलरवरून येतो, तोही बहुधा रात्री. आणि सोमवारी रात्री याच रस्त्यांवरून मंगळवारच्या दर्शनाला लोक अनवाणी चालत निघालेले असतात. म्हणून ट्रेलरच्या वळणाबद्दलचे काही समज आताच दुरुस्त करायला हवेत.

गैरसमज: ट्रेलर उजवीकडे सरकला, म्हणजे डावीकडून निघायला वाट मिळाली.

वस्तुस्थिती: डावीकडे वळायचं असतं म्हणूनच तो आधी उजवीकडे जातो. मागची चाकं पुढच्यांच्या मार्गाने येत नाहीत, ती आतून कोपरा कापतात. हिशेब करून पाहा. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, म्हणजे घोड्याच्या, पुढच्या आणि मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे, ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या किंगपिनपासून ट्रेलरच्या मधल्या एक्सलपर्यंत ९ मीटर. घोड्याची पुढची चाकं १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत राहिली, तर ट्रेलरची मागची चाकं जेमतेम ७ मीटरच्या वर्तुळावर येतात. म्हणजे तब्बल ५ मीटर आत. काटकोनी वळणात फरक याहून कमी पडतो, पण मोटारसायकल चिरडायला तोही पुरेसा असतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. घोडा डावीकडे वळला की उजव्या आरशात ट्रेलरऐवजी रस्ता दिसतो, आणि डाव्या आरशात ट्रेलरची भिंत. आत शिरलेला माणूस त्याला दिसतच नाही. क्लीनर खाली उतरून हात दाखवतो तो यासाठी. त्याच्यावर हॉर्न वाजवू नका.

गैरसमज: सावकाश वळवलं की टायर घासत नाहीत.

वस्तुस्थिती: वेग कमी केल्याने उलटण्याचा धोका घटतो, घासणं नव्हे. साध्या ट्रेलरचे तीन एक्सल वळत नाहीत. वळणात मधल्याभोवती फिरताना पुढच्या एक्सलचे टायर आतल्या बाजूला ओढले जातात, मागच्याचे बाहेरच्या. वळण जितकं आखूड, तितका हा ताण जास्त. त्यावर उपाय एकच, जागा असेल तितकं वळण मोठं घेणं.

गैरसमज: चाकं जितकी जास्त, तितकं वळणं अवघड.

वस्तुस्थिती: महाकाय यंत्रं वाहणाऱ्या हायड्रॉलिक ट्रेलरमध्ये एक्सलची प्रत्येक ओळ वळते आणि तिचा कोन वेगळा असतो, म्हणजे सगळी चाकं एकाच केंद्राभोवती फिरतात. म्हणून तो आखूड वळणही घेतो. मात्र त्याचं शेपूट वळणाच्या उलट दिशेला बाहेर फेकलं जातं. तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघणाऱ्यांनीही दोन पावलं मागेच राहावं.